अंबूचा करंडा

हे कुणापाशी बोललेली नाही मी. दादा होता तोवर त्याच्यापाशीही नाही – आणि सगळ्यांत आधी त्यालाच सांगायला हवं होतं. एकदा देवापुढे बसून बोलावं म्हटलं, तर तिथेही जीभ उचलली नाही. त्याला काय, माहीतच असेल, असं म्हणून उठले. तुम्ही माझे कोण? कुणी नाही. म्हणूनच तुम्हाला सांगते आहे बहुतेक. ओळखीच्या माणसाला पुन्हा तोंड दाखवावं लागतं.

आणि मी फार बोलते, हे आधीच कबूल करते. जन्म मास्तरकीत गेला, बडबडीची सवय कुठे जाणार? शिवाय या गोष्टीजवळ आले की माझे पाय आपोआप मागे वळतात. मी इकडचं तिकडचं सांगायला लागले तर समजा, की बाईंना भीती वाटते आहे.

तर – मी मोगलाईत शिकवायला गेले होते.

आताच्या पोरांना मोगलाई म्हटलं तर कळायचंही नाही. निजामाचं राज्य हो. नगरच्या पुढे थोडं गेलं की इंग्रजांची हद्द संपायची आणि दुसरा देश लागायचा. देशच तो! नाणं वेगळं, कचेरीची भाषा उर्दू, पाट्या उर्दू, नाक्यावर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, शिपाई. आमच्या पुण्यात कुणी मोगलाईत चाललं म्हटलं की बायका अशा चेहऱ्यानं बघायच्या, जसं काही वाघाच्या गुहेतच निघाले. "तिकडे माणसं अजून अंधारात आहेत," असं आमच्या शाळेतल्या बाई म्हणायच्या. आणि मी? मला वाटायचं, मी दिवा घेऊन चालले आहे. हसू नका. खरंच वाटायचं.

बीडला नरहरपंत म्हणून एक गृहस्थ होते. शेती होती, गावात वजन होतं, बायको वारलेली, पदरात एकच मुलगी. त्या मुलीला शिकवायचं म्हणून त्यांनी आपल्या ओसरीवर मुलींची शाळा काढायची ठरवली, तालुकदारसाहेबांच्या – म्हणजे तिकडच्या कलेक्टरच्या – कचेरीत खेटे घालून परवानगी काढली आणि पुण्यात कुणाला तरी सांगून शिकलेली बाई मागवली. शिकलेली बाई, एवढंच त्यांना कळवलं होतं. मी कोण, काय, ते कुणी कळवलं नव्हतं.

मी काय होते? मी विधवा होते.

लहानपणीच झाले. नवरा तापानं गेला, त्याचा चेहराही मला धड आठवत नाही – आणि हे बोलायचीही चोरी होती. तेव्हा आमच्या घरी न्हावी येऊन बसला होता. मी आत, काकूनं हात धरलेला. बाहेर त्याचा वस्तरा परजल्याचा आवाज येत होता. आणि दादा उंबऱ्यात उभा राहिला. अजून त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं हो! तो म्हणाला, "ती माझ्याबरोबर पुण्याला येणार आहे, शिकणार आहे. तुम्ही जा." बस. एवढंच. काकूनं आकांत केला, वडील महिनोन्महिने त्याच्याशी बोलले नाहीत, पण न्हावी उठून गेला. माझे केस राहिले. मी शिकले. एका माणसानं उंबऱ्यात उभं राहून एक वाक्य म्हटलं, त्यावर माझा उभा जन्म टिकला आहे.

हे ध्यानात ठेवा. मी सारखी याच्याजवळ येणार आहे.

दादानं मला नगरपर्यंत पोचवलं. पुढे त्याला रजा नव्हती. एका वाण्याच्या कुटुंबाबरोबर छकड्यात बसवून दिलं. नाक्यावर शिपायांनी माझी ट्रंक उघडली, पुस्तकं उलटीसुलटी करून बघितली, आत दारूगोळा निघतोय की काय म्हणून झटकलीसुद्धा. पुढे दुपारी एका वस्तीवर बैल सोडले. विहिरीपाशी एक म्हातारी पाणी शेंदत होती, कुणब्याची. ठसठशीत कुंकू, हातभर बांगड्या. तिनं मला बघितलं – काठाचं लुगडं, डोक्यावर केस, कपाळ मात्र मोकळं – आणि हातातला पोहराच खाली ठेवला.

"आगं बाई! घामानं कुकू पुसलं की गं लेकीचं! थांब, तशी जाऊ नगंस."

त्यांच्यात चालच आहे ती. दारावरून सवाष्ण बिनकुंकवाची जाऊ द्यायची नाही. विधवा असेल असं तिच्या मनातही आलं नाही, कारण तिनं केस असलेली ब्राह्मणाची विधवा जन्मात पाहिली नव्हती. ती घरात गेली, कुंकू घेऊन आली आणि अंगठ्यानं माझ्या कपाळावर दाबून लावलं. मी "नको" म्हणायला तोंड उघडलं – आणि मिटलं. तिचा अंगठा ओला, गार होता.

तुम्हाला खरं सांगू? आनंद झाला मला. छकड्यात बसून मी ट्रंकेतून आरसा काढला आणि बघतच राहिले. वाण्याच्या बायकोला दादानं माझ्याबद्दल काही सांगितलं नव्हतं; ती म्हणाली, "मालक कुठं असत्यात?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आफ्रिकेत. रेल्वेच्या कामावर." कुठून सुचलं देव जाणे! आफ्रिकेतून कोण विचारायला येतंय? बीड आलं तेव्हा मला नवरा होता, त्याला नोकरी होती, आणि तिथली हवा त्याला मानवत नव्हती.

दुसऱ्याच दिवशी कासाराकडून हिरव्या बांगड्या भरल्या. काळी पोत घेतली.

आता तुम्ही म्हणाल, हाच का तो गुन्हा? छे! याचं मला आजही फारसं वाईट वाटत नाही. एकटी बाई परमुलखात, कपाळ मोकळं ठेवून गेले असते तर पहिल्याच आठवड्यात परत पाठवलं असतं. विधवेच्या हाताखाली लेकी द्यायला कोण तयार होणार? कुंकू होतं म्हणून घराघरांत शिरले. सासवा, आज्या म्हणायच्या, "पुण्याची हाय पन कुकू बघा कसं लावती!" आणि मुली पाठवायच्या. कुंकवाच्या जोरावर मी शाळा भरवली. तेवढ्यापुरतं मी स्वतःला माफ केलेलं आहे. पुढचं वेगळं आहे.

नरहरपंतांच्या मुलीचं नाव अंबू. अंबाजोगाईच्या देवीचा नवस होता म्हणून अंबू. लग्न झालेलं होतं, तेलगावच्या एका घरात दिलेली, पण सासरी नांदायला अजून गेली नव्हती. जायचं वैशाखात ठरलं होतं. माझ्या सगळ्या मुलींत ही वाचायला पुढे. आवाज खणखणीत, आणि नाकावर राग. कुणी चुकीचं वाचलं की हिला राहवायचंच नाही. मी रागवायची, "अंबे, मास्तरीण तू का मी?" की म्हणायची, "तुमीच. पन ती चुकतीया की!"

घरात नरहरपंतांची थोरली बहीण होती. अक्का. लाल अलवण नेसलेली, डोईवरचा पदर कधी ढळू न देणारी. तरुणपणीच विधवा झालेली. कडक बाई, पण वाईट नव्हे – तिच्यावर ढकलून मोकळी व्हायचं असतं तर हे सांगायला बसलेच नसते. दर शुक्रवारी शाळा सुटली की अक्का मला आत बोलवायची, पाट मांडायची, पुढ्यात दुधाचा पेला ठेवायची, आणि स्वतः भिंतीशी सरकून म्हणायची, "अंबे, बाईंना कुकू लाव." अक्काला कुंकवाला हात लावता येत नव्हता. अंबूची आई नव्हती. त्या घरात कुंकू लावणारी एकटी अंबूच.

तिचा करंडा लाखेचा होता, लाल-हिरव्या रेघांचा. नारायणगडच्या जत्रेत बापाच्या मागे लागून घेतलेला. झाकण घट्ट बसायचं, उघडताना दर वेळी थोडं कुंकू सांडायचं आणि अक्का ओरडायची. अंबू माझी हनुवटी धरायची, डोळे बारीक करायची आणि अगदी मधोमध कुंकू लावायची.

आणि मला ते आवडायचं. ऐका नीट – आवडायचं. तो पाट, तो मान, अक्काचं ते बाजूला सरकणं. मीही तीच होते जी ती होती, आणि ती भिंतीशी आणि मी पाटावर. मला लाज वाटायला हवी होती. मी मजेत दूध पीत होते.

आता तिथीचं सांगते. आषाढात माझ्या नवऱ्याची तिथी यायची. त्या एका दिवशी मी डोकं दुखतं सांगून शाळेला सुट्टी द्यायची आणि माझ्या खोलीत – नरहरपंतांच्या घरासमोरच होती – दार लावून घ्यायची. कपाळ धुवायची, पोत काढून देवापुढे ठेवायची, एकवेळ जेवायची. का करायची? प्रेम होतं म्हणावं तर माणूसच आठवत नव्हता. पण वर्षातून एक दिवस खरं राहावं, असं काहीतरी असेल. तर एका वर्षी कडी नीट लागली नव्हती, आणि अंबू ताकाचा तांब्या घेऊन आत आली. "अक्कानं दिलंय, डोक्याला–" म्हणाली आणि थांबली.

तिनं माझं कपाळ बघितलं. देवापुढची पोत बघितली. तांब्या खाली ठेवला आणि दार ओढून घेऊन निघून गेली.

आता अक्का येईल, मग नरहरपंत, मग छकडा, असं म्हणत मी संध्याकाळपर्यंत बसून राहिले. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर अंबू मागे रेंगाळली.

"बाई, मी कुनाला काय सांगितलं न्हाई. बाईंचं लई डोकं दुखतंय, एवढंच म्हनले." मग पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत, "आफ्रिकेतले… न्हाईत ना?"

नाहीत, अशी मी मान हलवली.

मला वाटलं होतं, तिच्या डोळ्यांत तिटकारा दिसेल. या पोरीला भलताच प्रश्न पडला होता. "मंग तुमचे केस कसे ऱ्हायले? मंग तुमी शिकलात कशा?" मग मी तिला दादाची गोष्ट सांगितली. न्हावी, वस्तरा, उंबरा, ते वाक्य – सगळं. डोळे एवढे मोठे करून ऐकलं तिनं. पुन्हा सांगायला लावलं. "तुमी जा, आसंच म्हनले? न्हाव्याला?" आणि हसली. "लई भारी हायेत तुमचे दादा. मला न्हाई आसा कुनी."

तेव्हा ती हसत होती. तिचं सगळं ठीक चाललं होतं.

पुढच्या शुक्रवारी तिनं नेहमीसारखंच माझ्या कपाळाला कुंकू लावलं. जरा जास्तच नीट लावलं. मला कुणी बोलू नये म्हणून ती पोर सांभाळून घेत होती मला! मी तिची मास्तरीण.

फाल्गुनात तेलगावहून माणूस आला. जावई गेला होता. दोन दिवसांच्या तापात.

शाळा बंद पडली, सुतक होतं. मी समाचाराला गेले तेव्हा अंबू आतल्या खोलीत होती, मला दिसली नाही. हुसेनबी दारात भेटली. ही पाली गावची, आमच्या शाळेची बाई – घरोघरी जाऊन मुलींना बोलावून आणायची, परत पोचवायची. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बाई, दहाव्याला केस काढनार म्हनत्यात पोरीचे. तेलगाववाल्यांचा निरोप हाय. अक्काबी तेच म्हनती. पन मालकाचं मन न्हाई बगा. तुमी बोला की! तुमचं आयकतील ते."

तुमचं ऐकतील ते. खरंच ऐकलं असतं हो. म्हणून तर सांगायला एवढा वेळ लागतो आहे.

दहाव्याच्या आदल्या दिवशी नरहरपंतांनीच मला बोलावलं. सकाळची वेळ. आमची शाळा भरायची तीच ओसरी. ते खांबाला टेकून बसले होते, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. अक्का भिंतीशी. आतलं दार अर्धवट लोटलेलं. दाराच्या फटीत, खाली, जमिनीपाशी मला लुगड्याचा काठ दिसला. अंबू दारामागे बसली होती.

नरहरपंत मला म्हणाले – हे शब्द मी उगाच नटवून सांगत नाही, जसेच्या तसे आहेत – "बाई, तुमी पुन्याच्या. तिकडं म्हनं चांगल्या घरातल्या विधवा पोरी केस राखून शिकत्यात, मास्तरनी होत्यात. लोक उगंच बोलत्यात का खरं हाय? तुमी पाहिल्यात का? तुमी एकदा हाय म्हना. तुमच्या जबानीवर मी तेलगाववाल्यांना सांगतो, या अक्काला सांगतो, गावाला सांगतो. पोरगी तुमच्या हवाली. शिकवा तिला."

अक्का म्हणाली, "सांगा बाई. तुमी सवाष्ण, लेकराच्या भल्याचं ते सांगा. माझे काढले, मी काय मेले?" म्हणाली खरी, पण तिचा आवाज कापला. आज मला वाटतं, तिलाही ऐकायचं होतं की असं होतं कुठेतरी. आज वाटतं. त्या दिवशी मला फक्त तिची नजर दिसत होती – माझ्या कपाळावर.

मला काय करायचं होतं? "हो" म्हणायचं होतं. एक अक्षर. स्वतःचं सांगायचीही गरज नव्हती, तुम्हाला कळतंय का? "हो, पाहिल्यात, माझ्या वर्गात होत्या," एवढं म्हटलं असतं तरी खोटं नव्हतं आणि माझं कुंकूही जागेवर राहिलं असतं. पण मला वाटलं, हो म्हटलं की विचारतील, कोण? कुणाची? तुमच्या ओळखीची? तिचे केस कोणी राखले? आणि एकेक करत ते प्रश्न माझ्यापर्यंत येतील. मग शुक्रवारचा पाट, सासवांचं कौतुक, आफ्रिका – सगळं उघडं पडेल. मी त्यांच्या देवघरात कुंकू लावून गेले होते. सवाष्ण म्हणून जेवले होते. त्याबद्दल मला काय म्हणतील?

मुलीचे केस आणि माझी अब्रू. मी मनात तोलून पाहिलं. विचार न करता तोंडून गेलं, असं म्हणायची सोय नाही मला. तोलून पाहिलं.

आणि मी म्हणाले, "ऐकिवात आहे. पण घरंदाज माणसं काही तसं करत नाहीत."

अजून सांगते. तेवढ्यावर थांबले नाही मी. नरहरपंत माझ्याकडे बघतच होते, जसं काही अजून काही येईल. तर मी पुढे म्हणाले, "लोकांत हसं होतं. मुलीचेच हाल होतात पुढे." मास्तरणीच्या आवाजात म्हणाले. शुद्ध पुणेरी.

दादाच्या घराला घरंदाज नाही म्हटलं मी. त्याच्या वाक्यावर जगलेली मी.

मी दाराच्या फटीकडे बघत होते. अंबूला सगळं ठाऊक होतं. तिनं फक्त बाहेर यायचं होतं आणि म्हणायचं होतं, "बाई स्वतः विधवा हायेत." नाकावर राग असलेली पोरगी, कुणी चुकीचं वाचलं तर गप्प न बसणारी! मी जीव मुठीत धरून वाट बघत होते, की आता बोलेल, आता बोलेल. लुगड्याचा काठ जरा हलला.

ती बोलली नाही.

आणि मला काय वाटलं? सुटले, असं वाटलं. देवाशपथ. दुसरं काहीही नाही. सुटले!

नरहरपंतांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "बरं. तुमचीबी तीच मर्जी, तर मंग…" अक्का उठून आत गेली. मी घरी येऊन भात टाकला. जेवले.

दुसऱ्या दिवशी मी खोलीचं दार लावून बसले होते, पण घर समोरच. न्हावी आलेला दिसला. गेलेला दिसला. मध्ये रडण्याओरडण्याचा आवाज काही आला नाही, आणि मी त्यावरही समाधान मानलं – चला, फार त्रास झाला नसेल.

दुपारी हुसेनबी आली. उंबऱ्यातच उभी राहिली, आत आली नाही. ओंजळीत लाखेचा करंडा होता.

"पोरीनं दिलाय. म्हनली, मला आता काय करायचा, बाईंला लागंल."

"रडली का गं फार?" मी विचारलं.

"न्हाई. ती न्हाई रडली. मीच रडले." आणि हुसेनबीनं माझ्याकडे असं बघितलं, की तिला सगळं कळलंय का काही कळलेलं नाही, ते मला आजतागायत समजलेलं नाही. करंडा कट्ट्यावर ठेवून ती गेली.

टोमणा होता का तो? मी वर्षानुवर्षं हेच घोळवत बसले. टोमणा असता तर किती बरं झालं असतं! पण मी त्या पोरीला ओळखत होते. टोमणा मारायचा असता तर तिनं तोंडावर मारला असता. तिला खरंच वाटलं, की बाईंचं कुंकू संपलं तर कुणी विचारेल, आणि आता आपल्या घरातून लावायला कुणी उरलं नाही. तिनं मला शेवटपर्यंत सांभाळलं.

चैत्रात शाळा परत सुरू झाली. त्याच ओसरीवर. मुली मोठ्यानं वाचायच्या आणि आतलं दार बोटभर उघडं असायचं. दारामागे कोण बसतं ते मला माहीत होतं, मुलींनाही माहीत होतं. एक दिवस धाकट्या मुलींपैकी एक वाचताना अडखळली, आणि दारामागून पुढचा शब्द आला. हळूच. तोच आवाज, पण खणखणीतपणा गेलेला. मुली माना वळवून बघायला लागल्या. मी काय केलं असेल? उठले, आणि ते दार लोटून घेतलं. मुलींचं लक्ष जातं, असं म्हणाले.

त्यानंतर ते दार कधी उघडं दिसलं नाही.

मी पुढे काही वर्षं राहिले तिथे. चांगली बाई म्हणून नाव झालं. अंबूला मी एकदाच पाहिलं, परसात, विहिरीवर. लाल अलवण, पदर कपाळाच्या खालपर्यंत. तिनं मला पाहिलं, आणि अक्का सरकायची तशीच भिंतीशी सरकली. सवाष्ण समोरून येत होती ना! मी थांबले नाही. पुढे तिचं काय झालं मला ठाऊक नाही. ठाऊक करून घेतलं नाही, असं म्हणते – तेच खरं.

परत निघाले तेव्हा नाका ओलांडल्यावर पदरानं कपाळ पुसलं, पोत आणि बांगड्या उतरवल्या. दादा नगरला न्यायला आला होता. त्याला काहीच दिसलं नाही. छकड्यातून उतरवून घेताना म्हणाला, "मोठं काम केलंस गं यमू. तिकडच्या पोरींना तुझ्यामुळे वाट दिसली." मी "हो" म्हटलं. बघा, दादापुढे हो म्हणता आलं.

आणि पुण्यात आल्यावर बायकांच्या सभेत मला बोलायला उभं केलं. मोगलाईतले अनुभव. मी सांगितलं, की तिकडे किती अंधार आहे, कोवळ्या पोरींची डोकी कशी भादरली जातात, आमच्यासारख्या शिकलेल्या बायकांनी तिथे जाऊन काय केलं पाहिजे. मी अंबूचीच गोष्ट सांगितली. नाव नाही घेतलं. करंडाही नाही, ओसरीही नाही. बायका रडल्या. टाळ्या पडल्या. मी खाली बसले तेव्हा शेजारच्या बाईंनी माझा हात हातात घेतला, आणि मी तो घेऊ दिला.

एक राहिलं. तेच सांगायला बसले होते आणि तेच टाळत होते.

तो करंडा हुसेनबीनं कट्ट्यावर ठेवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या घरातलं कुंकू खरंच संपलेलं होतं. बाजार जवळच होता. मी आरशापुढे बसले, त्या करंड्याचं घट्ट झाकण ओढून काढलं – थोडं सांडलं – आणि बोटानं कुंकू घेऊन कपाळावर लावलं. अगदी मधोमध. मग रोज लावत गेले. पावसाळा संपेपर्यंत पुरलं. तळाशी राहिलेलं खरवडून काढलं.

करंडा अजून माझ्यापाशी आहे. रिकामा आहे. मीच केला.